धुतलेलं छत

रेणापूर,
२२ एप्रिल २०२५

ती. दयानंददादास सुकन्याचा नमस्कार.

इकडं सगळं ठीक. आईच्या गुडघ्याला उतार आहे. नांदेडला वहिनी आणि छोटी पूनम मजेत असतील. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागदावर लिहिते आहे.

मला बघायला पाहुणे येणार म्हणून आदल्या दिवशी तू आम्हा मायलेकींना साडी घ्यायला लातूरला पिटाळलंस आणि मागं दोन माणसं लावून माझ्या पॉलिहाऊसच्या शेडचं प्लास्टिकचं छत घासून काढलंस. का, तर "कळकट दिसत होतं." दादा, तो मळ नव्हता, चुना होता! उन्हाळ्यासाठी मी स्वतः शिडीवर चढून मारलेला.

चुन्यातून येणारं ऊन विखुरतं, चहूबाजूंनी झाडात शिरतं, पार खालच्या पानापर्यंत पोचतं. चुना गेला की ते थेट शेंड्यावर उतरतं आणि खालची पानं अंधारात. दोन वर्षं हेच सांगते आहे तुला. "ऊन जास्त तर पीक जास्त, शेंबडं पोरबी सांगंल," म्हणालास. घे आता! आठ दिवसांत शेंडे करपले, ढोबळी मिरचीवर पांढरे चट्टे पडले. तोडलेला अर्धा माल उकिरड्यावर टाकला मी.

आई म्हणते, "आगं, भाऊ हाय तो. तुझ्या भल्यासाठीच केलं न्हाई का?" माझं भलं कशात आहे ते सगळ्या गावाला कळतं, मलाच तेवढं कळत नाही.

तरी मिरचीचं मी गिळलं असतं. परवा पुन्हा चुना मारला, झाडं फुटतील. पण तू पाहुण्यांना शेड दाखवत होतास आणि मी चहा घेऊन मागून आले, तेव्हा काय म्हणालास? "हे माझंच हाय. सुकन्या हौस म्हणून बघती." मुलाचे वडील वर बघून म्हणाले, "लई लख्ख ठेवलंय." तू मान डोलावलीस. प्रशिक्षण मी घेतलं, अनुदानासाठी हेलपाटे मी घातले, आणि हौस? मी गप्प कपबशा वाटत राहिले. त्याची मला अजून चीड येते, तुझ्याइतकीच माझीही.

म्हणून काल मी त्या मुलाला, शिवमूर्तीला, स्वतः फोन केला. शेड माझं आहे, लग्नानंतरही मीच बघणार, सासरहून, निलंग्याहून, रोज यावं लागलं तरी येणार, असं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "घरी इचारून सांगतो." अजून फोन नाही.

कदाचित येणारही नाही. आईला मी अजून सांगितलेलं नाही, तूच सांग. आणि स्थळ मोडलंच, तर सुकन्यानं मोडलं असं भावकीत खुशाल सांगत फिर. निदान तेवढं तरी माझ्या नावावर लागू दे.

तुझी धाकटी बहीण,
सुकन्या