पश्याचा डावा हात

प्रिय पश्या,

शुक्रवारी तुझ्या बेसबॉल टीमच्या नव्या सीझनची पहिली मॅच आहे आणि मानाचा पहिला चेंडू मी टाकायचा, असं त्यांनी परस्पर ठरवलंय. "यू आर द ब्रदर, हबीबी," मॅनेजर म्हणाला. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि "थँक यू" बाहेर पडलं. म्हणून हे पत्र. दुसऱ्या कुणाला लिहू?

त्यांना कुठे ठाऊक आहे, की तुझं क्रिकेट बंद करणारा अंपायर मीच होतो! शारजातलं ते वाळूचं ग्राउंड, ऑफिसा-ऑफिसांच्या टीम्स. तू डाव्या हाताने सुसाट यायचास आणि मी हात आडवा करून ओरडायचो, "नो बॉल! कोपर वाकतंय, फेकतोयस!" एका ओव्हरमध्ये तीनदा. तू म्हणालास, "दादा, थांब, आईला फोन लावतो." सगळे हसले. मी नाही हसलो. मला न्याय करायची फार हौस!

आणि त्याच कोपरावर तू पोट भरून दाखवलंस. बेसबॉल शिकवणारा एक कोच बाजूलाच उभा होता. "हे लोक तुला ओरडतात कशाला? आमच्यात असंच टाकतात!" झालं. नऊ वर्षं शिपिंगच्या ऑफिसातून सुटून सरावाला पळालास आणि लोक गुडघ्याचे पट्टे विकत घेतात त्या वयात दुबईच्या लीगमध्ये पगारी पिचर झालास. मी इथल्या मराठी मंडळाच्या अंकात लिहिलं, 'आमचे बंधू आता दगडफेकीचा पगार घेतात.' काय हशा पिकला! ते पान तू फ्रिजवर लावलं होतंस, हे तुझ्या मृणालने मला तेराव्याला सांगितलं. का लावलंस रे? फाडायचं होतंस!

आता तो फोन.

गेला सीझन सुरू व्हायला चार दिवस राहिले होते. मी मनखूलमध्ये पार्किंग शोधत होतो. "दादा, डावा हात जड झालाय. जबडापण दुखतोय. डॉक्टरकडे जाऊ का? टीमला कळलं तर बाहेर बसवतील. तू सांग."

तू सांग! इतक्या वर्षांनीही अंपायर मीच. आणि मी निकाल दिला, "जन्मभर फेकतोयस, हात दुखणार नाही तर काय? बर्फ लाव. जबड्याला मात्र जरा विश्रांती दे."

तू हसलास. दुसऱ्या दिवशी सकाळी, सरावाला निघताना, बुटाची नाडी बांधता बांधता तुझं हृदय थांबलं.

पिचरचा हात दुखतोय म्हटल्यावर कुणाला हृदय आठवतं? हा माझा बचाव. दिवसातून वीसदा मांडतो, वीसदा मीच फेटाळतो.

पण त्याहून वाईट पुढेच आहे. वर्ष झालं, तरी अल नहदाच्या घरी गेलो की तुझी मृणाल बोलता बोलता फ्रीजरकडे बघत राहते. "बर्फ मीच भरून दिला, दादा. मला कसं कळलं नाही? बायको ना मी त्याची?" आणि मग, "तुम्हाला तरी काही बोलला होता का?"

मी म्हणालो, "नाही."

अख्ख्या मंडळाची सालं काढणारा मी, मला एक 'हो' म्हणता आलं नाही! माझा गुन्हा ती भोगतेय, वाळत चाललीय, आणि मी तिच्या हातचा चहा पितोय. खरं सांगितलं आणि तिने दार लावलं तर? तुझ्या लेकीला, इराला भेटू दिलं नाही तर? तुझ्यामागे माझं इथे आहे कोण, पश्या? बोल ना काहीतरी! एक टोमणा तरी मार!

बरं. राहू दे. निकाल तुझ्याकडे मागायचा नाही, एवढं कळलं.

शुक्रवारी त्या दोघींना मॅचला न्यायला मी त्यांच्याकडे जाणार आहे. गाडीत बसण्याआधी, वर घरातच, मृणालला तो फोन सांगेन. तुझा शब्द न् शब्द, आणि माझाही, जबड्याच्या विनोदासकट. ती म्हणाली 'निघा', तर निघेन. चेंडू दुसरं कुणी टाकेल. म्हणाली 'चला', तर टाकीन.

कोपर वाकवून.

तुझा,
दादा