खाच उजवीकडे

९ फेब्रुवारी, सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. गुडघ्यांना तेल लावतेस, की बाटली नुसतीच खिडकीत उभी करून ठेवली आहेस? मी बरी आहे. पत्र बघून म्हणशील, फोनला काय धाड भरली? काही नाही भरली. फोनवर तू बोलतेस आणि मी ‘हं हं’ करते, वर्षानुवर्षं आपलं हेच चाललंय. या वेळी मला शेवटपर्यंत बोलायचंय. एक गोष्ट तुझ्यापासून लपवलेली आहे. ती कळल्यावर तू मला दारात उभी करशील की नाही, याची धास्ती वाटते. पण आधी धनुष्याचं सांगते. हसू नकोस.

चष्म्याच्या दुकानातली नोकरी सुटून आठ महिने झाले. घर दोन खोल्यांचं, त्यात मी एकटी. दिवसभरात स्वतःचा आवाज एकदाच कानावर पडतो, दूधवाल्याला ‘अर्धा लिटर’ म्हणते तेव्हा. परवा कुकरला ‘हो गं, आले’ म्हणाले आणि मग तिथेच ओट्याला टेकून रडले. उगीच. तू काळजी करू नकोस.

तर आमच्या शाळेमागच्या मैदानावर सकाळी धनुर्विद्येचा वर्ग सुरू झालाय, आपल्यासारख्या पिकल्या केसांच्या लोकांसाठी. मी चार दिवस कुंपणाबाहेरून बघितलं. बाण लक्ष्यात घुसतो तेव्हाचा तो ‘थप्’ ऐकला आणि पाय हलेनात. पाचव्या दिवशी धनुष्य शोधायला निघाले.

खेळाच्या दुकानातला विक्रेता म्हणाला, “काकू, नातवाला द्यायचंय का?” मी म्हटलं, “नातू नाही, नवराही नव्हता, धनुष्य दाखवा.” त्याने चाकं नि दुर्बीण लावलेलं एक धूड काढलं. किंमत ऐकून मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ते गुपचूप परत टांगलं. मग एक स्वस्तातलं आणलं, लाकडी म्हणे. नखाने खरवडलं तर वरचा लाकडाचा रंग निघाला आणि आत प्लॅस्टिक. मला हवं होतं तुझं होतं तसं, उंच, सरळ, साधं लाकडाचं, आणि माझ्या पेन्शनीत बसेल असं.

असं धनुष्य करणारा माणूस आपल्या माहितीत एकच. सुतारकाका.

नाव वाचून पत्र फेकू नकोस, ताई. अजून आहेत ते. ऐंशीच्या पुढे गेलेत, कान गेले, हात तसेच आहेत. त्याच गल्लीत, त्याच शेडमध्ये स्टुलं आणि पाट करतात. तीन वेळा मी दारापर्यंत जाऊन परत आले. चौथ्यांदा त्यांनीच आतून हाक मारली, “मुंगळे, आत ये, ऊन लागेल.” तुझ्या मागे मागे फिरायची म्हणून तूच ठेवलेलं नाव. इतक्या वर्षांत मला त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती.

धनुष्य हवंय म्हटल्यावर ते हसले. “सत्तेचाळीस वर्षांत तू पहिलीच.” अगदी सहज म्हणाले, पण मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं.

आता सांगते.

त्या सुट्टीत तू मावशीकडे गेलीस, तीन आठवडे. तुझ्या धनुष्याला हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद होती. माझं काम बाण वेचून आणायचं. मी अकरा वर्षांची, मला वाटलं एकदाच. तुझ्यासारखीच पायात अडकवून, सगळं अंग टाकून दोरी चढवली. एक बाण मारला, तो गेला शेजारच्यांच्या टाकीवर. मग दोरी उतरवायला गेले तर उतरेना. हात सोलले, तरी उतरेना. कुणाला सांगितलं असतं तर तुला कळलं असतं. म्हणून तसंच, दोरी चढवलेलं धनुष्य मी पत्र्याच्या खोलीत कपाटामागे सरकवलं. भर उन्हाळ्यात, तीन आठवडे. तू येणार त्याच्या आदल्या दिवशी दातओठ खाऊन कशीबशी उतरवली. लाकूड जरा वाकडं दिसलं. मला वाटलं, मलाच तसं दिसतंय.

मग संघाच्या निवड चाचणीत तिसऱ्या बाणाला ते तुझ्या हातात मोडलं. तुझ्या गालावरची खूण तेव्हा उडालेल्या ढलपीची. बाबा तुकडे घेऊन सुतारकाकांकडे गेले आणि भर गल्लीत नाही नाही ते बोलले, कच्चं लाकूड गळ्यात मारलंस म्हणाले. मी बाबांचं बोट धरून उभी होते. काकांनी तुकडे हातात घेऊन पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “चूक माझी.” त्यानंतर त्यांच्याकडून कुणी धनुष्य घेतलं नाही, आणि तू पुन्हा कधी धनुष्याला हात लावला नाहीस. दर वेळी तू त्यांना शिव्या घालायचीस आणि मी गप्प बसायची. तुझ्याकडे यायचं मी टाळते ना, त्याचं कारण हे. बसचा प्रवास सोसत नाही वगैरे सगळं खोटं.

मग एके दिवशी मी काकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून हे सांगितलं. समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा वळून बघायला लागलं. काका रंधा मारत राहिले. म्हणाले, “मला तेव्हाच कळलं होतं. आतल्या अंगाला सुरकुत्या पडल्या होत्या, दोरी चढलेली राहिली की पडतात.” मी विचारलं, मग बोलला का नाहीत? “तुझ्या दोन्ही तळव्यांना फोड होते गं. तेवढ्याशा पोरीला सगळ्यांपुढे काय उभं करायचं? म्हटलं, मोठी झाली की येईल सांगायला.” मग रंधा थांबवून म्हणाले, “जरा उशीर केलास.”

मी वाकून त्यांच्या पायाशी पडलेल्या ढलप्या गोळा करायला लागले.

धनुष्य तयार झालं. पाठीला बांबू, म्हणून स्वस्तात बसलं. ताण हलका ठेवलाय, पंचवीस पौंड, साठीतल्या खांद्यांना झेपेल इतका. शेवटी बाण टेकायची खाच काढायची राहिली होती. काकांनी पेन्सिल डाव्या अंगाला टेकवली, उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्यांची खाच तिथेच असते. मी म्हटलं, “उजवीकडे काढा. आणि उंची माझ्यापेक्षा चार बोटं जास्त धरलीत ना?” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. आपल्या घरात डावरी एकच, हे त्यांना अजून आठवत होतं. त्यांनी खाच उजवीकडे काढली.

ताई, शिव्या दे, फोनवर दे, येऊन दे. पण काकांना एकदा भेट. त्यांच्याकडे फार दिवस नाहीत. आणि रागावून का होईना, माझ्याकडे ये. वर्ग सकाळी सातला असतो. तू मार, मी वेचून आणीन. मला तेवढंच नीट जमत होतं.

धनुष्य इथे तुझ्यासाठी घातलेल्या खाटेशेजारी आडवं ठेवलंय. दोरी उतरवलेली आहे, मी रोज बघते.

तुझीच,
मुंगळी