व्हॉल्व कुणाचे

अहो, सुंदरीआत्या मला म्हणाल्या होत्या, फोनवर तमिळ बोलायचं तर अंगणात जाऊन बोल, घरात आपण मराठीच बोलतो, त्यामुळे तमिळ कानावर पडलं की मामंजींना पलीकडे डॉक्टरच आहेत असं वाटतं. मी हसण्यावारी नेलं.

सकाळी मेकॅनिक नटराजचा फोन आला. तुमच्या जुन्या बुलेटचं इंजिन उघडलंय, काय काय बदलू म्हणून विचारत होता. मी म्हटलं, "पिस्टन राहू द्या, रिंग नव्या घाला. व्हॉल्व मात्र दोन्ही बदला, जुन्यांचा आता भरवसा नाही." वळले तर मामंजी उभे. म्हणाले, "मला उघडायचं ठरवलंत, आणि मलाच सांगितलं नाही?"

मी गाडीचं बोलत होते, हे परोपरीनं सांगितलं. पण परवा डॉक्टरांनी आपल्याला बाहेर बोलावून त्यांच्या हृदयाच्या व्हॉल्वबद्दल हेच सांगितलं होतं ना, त्यामुळे त्यांच्यापुढे माझी नजर ठरेना. "बरं सूनबाई, गाडी तर गाडी," म्हणाले आणि खोलीत गेले. इडलीला हात लावला नाही.

आपल्या बाळीचा ताप उतरत नाही, तिला दवाखान्यात घेऊन जाते, म्हणून ही चिठ्ठी. मामंजींपासून लपवण्याचं बळ माझ्यात उरलं नाही. खरं काय ते तुम्हीच त्यांना सांगा. आलात की कपडे बदलत बसू नका, आधी मामंजींच्या खोलीत डोकावा.