औषध पचवणारी बाविसावी पिढी

तीर्थरूप आत्या,

तुला इथूनच वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? (माझ्या गुडघ्यांचं विचारू नकोस, दिवसभर उकिडवं बसून अळ्या मोजल्यावर त्यांचं जे व्हायचं ते झालंय.) भाचा एवढ्या मोठ्या प्रयोगशाळेत आहे, तर कोबीवरच्या अळीला जालीम औषध पाठव, असं तू लिहिलंस. आधी हे वाच, मग माग.

माझं काम तसं सोपं. पानांच्या चकत्या औषधात बुडवायच्या, वाळवायच्या, त्यांवर शंभर अळ्या सोडायच्या आणि दोन दिवसांनी ब्रशने एकेकीला ढोसून मेल्या किती ते लिहायचं. पहिल्या खेपेला चौऱ्याण्णव मेल्या. उरलेल्या सहा मी खुशीत चिरडायला निघालो, तर आमच्या मॅडम म्हणाल्या, "त्याच तर हव्यात. आता यांची आपसांत लग्नं लावायची." त्या सहांचे पतंग झाले, पतंगांची अंडी, अंड्यांतून पुन्हा अळ्या. (स्थळाला अट एकच, विष पचलं पाहिजे. माझ्या वेळी तू याहून जास्त अटी घातल्या होत्यास.) काहींच्या पोटात विष मोडून टाकायची ताकद मुळातच जास्त असते आणि तीच लेकरांत उतरते, असं मॅडम सांगतात. दहाव्या पिढीत निम्म्या जगल्या.

बाविसावीला मी पाचपट औषध कालवलं. हातमोज्याच्या भोकातून एक थेंब बोटाला लागला, तर माझा हात संध्याकाळपर्यंत थरथरत होता. अळ्यांनी पानाच्या नुसत्या शिरा ठेवल्या. आणि आत्या, हल्ली मी दारात आलो की कुरतडणं थांबतं. सगळ्या तोंडातून काढलेल्या धाग्यांवर लोंबकळून गप्प होतात. परवा ब्रशने ढोसलं तरी एकही हलली नाही. मी वहीत 'सर्व मृत' लिहिलं, पाठ फिरवली, आणि मागे पुन्हा कुरकुर सुरू. मॅडमना सांगितलं. वाटलं, हसतील. त्यांनी उठून दाराची फट चिकटपट्टीने बुजवली आणि म्हणाल्या, "बाहेर तर प्रत्येक शेतात हीच लग्नं लागतायत."

तब्येतीला जप.

तुझा भाचा

ता.क. औषध पाठवत नाही, उपयोग नाही. गेल्या आठवड्यात तुला पाठवलेली कोबीची रोपं मी याच खोलीत बांधली होती. त्या दिवशी मोजणीत एकवीस अळ्या कमी भरल्या. रोपं अजून खोक्यात असतील तर खोक्यासकट जाळ. लावली असशील तर पानं उलटून एकेक वेच, मोज आणि मला कळव. मॅडमना कळता कामा नये.

आणखी एक. एकवीस निघाल्या तर उत्तम. कमी निघाल्या तर मी रजा काढून येतो. जास्त निघाल्या तर मात्र कळवू नकोस.