कागद सोललेले खडू

२२ सप्टें., सोम.

मंडळात घट बसले. अकरा नारळ आणले होते, पूजेला दहाच लागले. अकरावा कुठे गेला ते मला पक्कं माहीत आहे, पण देशपांडेबाईंच्या पिशवीत हात घालणार कोण?

आज पांढरा. सगळ्या पांढऱ्यात आल्या, दादासुद्धा. पाठाला तोच बसतो, सख्खा भाऊ म्हणून नाही, पण उज्जैनच्या या आख्ख्या नानाखेडा वस्तीत इतकं स्वच्छ संस्कृत कुणाचं नाही. नऊ दिवस नऊ रंग ही टूम मंडळात मीच आणली, चार वर्षं झाली. तेव्हा म्हणाला होता, "कुंदे, हे कुठल्या पुराणात आहे?" जन्मभर मास्तरकी केली, पुराणाशिवाय बोलणं नाही. तरी दर वर्षी वहिनी त्याला बरोबर रंगात पाठवायची. या वर्षी ती नाशिकला, लेकीच्या बाळंतपणाला. मंदारने बंगलोरहून बापाला नऊ रंगांचे नऊ नवे कुर्ते पाठवलेत. मुलगा असावा तर असा.

२३ सप्टें., मंगळ.

लाल. दादा हिरव्यात आला!

चांगला गडद हिरवा, लांबून दिसेल असा. सगळ्या लालेलाल आणि मधे हा. फुलवाली पण म्हणाली, "मास्साब, आज तो लाल है ना?" खाली बघत म्हणाला, "चुकून घातला."

चुकून कसला! यादी काल त्यानेच सगळ्यांना वाचून दाखवली, वर मोरपंखीला संस्कृतात काय म्हणतात तेही सांगितलं. मी मंडळाची सेक्रेटरी, टूम माझी, म्हणून भर सभेत मला खाली बघायला लावलं. लहानपणापासून असाच, तोंडाने काही म्हणायचं नाही, करून दाखवायचं.

२४ सप्टें., बुध.

निळा. बरोबर निळ्यात आला. म्हणजे मनात असलं की जमतं. पाणी मुरतंय कुठेतरी.

२६ सप्टें., शुक्र.

काल पिवळा, तोही बरोबर. आज हिरवा, तर हा लाल घालून हजर. मंगळवारचा आज आणि आजचा मंगळवारी! बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी घरी जाताना विचारलंच, "दादा, काय चाललंय तुझं?" म्हणाला, "चष्मा बदलायला झालाय." त्याच चष्म्यातून पोथीतलं मुंगीएवढं अक्षर न अडखळता वाचतो. मला काय कुक्कुलं बाळ समजतो?

मंदारला फोन लावला. म्हटलं, तुझ्या बाबांचं काहीतरी बिनसलंय. त्याच्या सासऱ्यांचं असंच सुरू झालं होतं म्हणे, आधी कपडे, मग घराचा रस्ता. "आत्या, डोक्याचं असेल का?" मी म्हटलं, "असेलही." का म्हटलं? तोपर्यंत माझा शक दुसराच होता. पण कुणी इतक्या काळजीने विचारलं की मला मोठं झाल्यासारखं वाटतं, हा माझा जुना रोग आहे.

२७ सप्टें., शनि.

करडा. दादा गुलाबी कुर्त्यात. बेबी पिंक. आज कुणीही हसलं नाही. ते जास्त वाईट होतं.

दुपारी मंदारचा फोन. दसऱ्याला येतोय, बाबांना घेऊनच जाणार. तिथे डॉक्टर चांगले, घरात खोली रिकामी. आई परस्पर नाशिकहून तिकडेच येईल. इथलं घर भाड्याने देऊन टाकू. "आत्या, तू लक्ष ठेवलंस म्हणून कळलं, नाहीतर..." असं बरंच काही. बाबांना आत्ताच सांगू नको म्हणाला.

म्हणजे दादा उज्जैनमधून जाणार. सकाळी उठून राम घाटावर जातो, येताना माझ्या दाराशी सायकलची घंटी वाजवतो, इतकंच, चहालासुद्धा थांबत नाही. पण ती घंटी वाजली की मी दिवस सुरू झाला असं धरते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

२८ सप्टें., रवि.

केशरी. दादा पांढऱ्यात आला. कुणी विचारायच्या आधीच म्हणाला, "माझे रंग संपले."

दुपारी साबुदाण्याची खिचडी घेऊन त्याच्याकडे गेले. तो आंघोळीला गेल्यावर कपाट उघडलं. हो, उघडलं. मंदार उद्या विचारेल, औषधं कुठली, कागद कुठले, मग कुणीतरी बघायला नको?

औषधं नव्हती. चिठ्ठ्या होत्या. प्रत्येक शर्टाच्या कॉलरला आतून टाचणीने कागदाची पट्टी, वहिनीच्या अक्षरात. हिरवा. तपकिरी. राखी. तपकिरी, जुना. मोज्यांच्या जोड्यांनासुद्धा! लग्नातला कोट होता, त्याच्या खिशावरची पट्टी पिवळी पडलीय, शाई उडालीय, "आमसुली" कसंबसं वाचता येतं. नव्या कुर्त्यांना मात्र एकही चिठ्ठी नाही. ते वहिनी गेल्यावर आले.

हे या वर्षीचं नाहीच. चाळीस वर्षांचं आहे. दोघं मिळून माझ्यापासून काय लपवतायत? आणि चाळीस वर्षं राहूनही माणूस एक श्लोक विसरत नाही, असा डोक्याचा रोग कुठला?

नळ बंद झाला तसं घाईघाईने कपाट लावलं. टाचणी बोटात घुसली.

२९ सप्टें., सोम.

सकाळपासून डोक्यात एकच. ते मेणाचे खडू.

बाबांनी रतलामहून आणले होते, बाराची पेटी. रेल्वे क्वार्टरमधे तशी पेटी कुणाकडे नव्हती. मी सहा वर्षांची, दादा अकराचा. एकेका खडूला आमच्याकडे तीन-तीन नावं. कागदावर छापलेलं इंग्रजी, शाळेतलं हिंदी, आणि आईचं, साडीच्या दुकानातलं. ब्राउन, कत्थई, आमसुली. पर्पल, बैंगनी, वांगी. दादाला छत्तीसच्या छत्तीस नावं पाठ होती. आई पाहुण्यांसमोर म्हणवून घ्यायची. खडूचा कागद मात्र तो कुणाला फाडू द्यायचा नाही. खडू झिजला की ब्लेडने वरचा कागद बारीक कापायचा, नाव राखून. आम्ही हसायचो, कंजूष मारवाडी म्हणायचो.

मी एक दिवस सगळे सोलले. भातुकलीतल्या बाहुल्यांना आगगाडीची तिकिटं हवी होती. बाराही खडू उघडे करून परत पेटीत ठेवले, मला तर ते तसेच छान दिसले. दुसऱ्या दिवशी त्याची ड्रॉइंगची परीक्षा. शिप्रेचा घाट काढायचा होता. झाडं तपकिरी, पायऱ्या हिरव्या. मास्तरांना वाटलं थट्टा करतोय, पट्टीने हात सुजवले. घरी येऊन त्याने मला एक ठेवून दिली. मी भोकाड पसरलं. बाबांनी कारण न विचारता त्याला वेताच्या छडीने मारलं, आणि तो कारण बोलला नाही.

ही गोष्ट मी त्याच्या लग्नात सांगितली. त्याच्या साठीला माइकवरून सांगितली. "कागदासाठी रडणारा आमचा दादा!" सगळे हसतात. तोही हसतो.

संध्याकाळी त्याला बोलावलं. गच्चीवरच्या कुंडीत मिरच्या आहेत, हिरव्या नि पिकून लाल झालेल्या. म्हटलं, "दादा, एक लाल तोडून दे, फोडणीला हवी." वाकला. एक मिरची दोन बोटांत धरून दाबली, सोडली. दुसरी. तिसरी. चौथी तोडून हातात दिली.

लालच होती. पण बघून नाही तोडली, दाबून तोडली.

३० सप्टें., मंगळ.

वहिनीला फोन केला. म्हटलं, "दादाला रंग दिसत नाहीत ना?"

तिने खोलीचं दार लोटून घेतलेलं ऐकू आलं. मग, "वन्सं, तुम्हाला आत्ता कळलं होय?"

तिला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं त्याने. लाल, हिरवा, तपकिरी सगळं एकच. देवीची शपथ घालून ठेवली, कुणाला सांगायचं नाही. मी चिडले. म्हटलं मी काय परकी होते? आणि बाबा? स्टेशन मास्तरकीच्या लेखी परीक्षेत पास झाला, मेडिकलला रतलामला गेला आणि परत येऊन सांगितलं, मला रेल्वे नको, मी संस्कृत शिकवणार. बाबा त्याच्याशी नऊ वर्षं बोलले नाहीत. शेवटच्या आजारात पाणीसुद्धा माझ्या हातून घेतलं, त्याच्या नाही. एक शब्द सांगितला असता तर? सिग्नल ओळखता येत नाहीत, एवढंच तर सांगायचं होतं!

वहिनी म्हणाली, "सांगितलं असतं तर तुमचं लग्न मोडलं असतं."

मेडिकलच्या डॉक्टरांनी त्याला समजावलं होतं. हे आईकडून येतं. बहिणीतही असू शकतं, तिला दिसत नाही पण तिच्या मुलांत उतरतं. त्याच महिन्यात माझं ठरत होतं. मुलाकडचे चिकित्सक, पत्रिका तीन ठिकाणी दाखवलेली. घरात खोट आहे हे बाहेर पडलं असतं तर आटोपलंच होतं. म्हणून त्याने उर्मट मुलगा व्हायचं ठरवलं.

माझा निखिल झाला तेव्हा दादा दर सुट्टीत रंगीत चेंडू आणायचा आणि त्याच्याकडून ओळखून घ्यायचा. मला शक यायचा की मला स्वस्तातली खेळणी देऊन बोळवतोय.

रडले. फोनवरच रडले. वहिनी म्हणाली, मंदारला अजूनही सांगायचं नाही असं यांचं म्हणणं आहे, मला शपथ आहे. आणि मग, पहिल्यांदाच इतक्या वर्षांत जरा कडक, "तुम्ही लावलंय, तुम्हीच निस्तरा."

१ ऑक्टो., बुध.

मंडळात गेले नाही. आरतीला दुसरं कोण उभं राहिलं, विचारलंही नाही.

दादाकडे गेले. पोथीला कापड गुंडाळत होता. वाटेत सगळं ठरवून ठेवलं होतं, पाया पडायचं, माफी मागायची. तोंडातून निघालं, "मंदार येतोय उद्या."

"माहीत आहे. तू बोलावलंस."

"तुला न्यायला येतोय रे!"

"तेही माहीत आहे, तुझी वहिनी म्हणाली. बापाला भूल पडायला लागली म्हणतोय ना? पडू दे. म्हाताऱ्याला पडते."

म्हणजे याला कळूनही हा गप्प! वेडा म्हणवून घ्यायला तयार, पण खरं सांगायला नाही. मी म्हटलं, "वहिनीने सांगितलं मला सगळं." हात थांबला त्याचा. कापडाची गाठ पुन्हा सोडून पुन्हा बांधली. "तिची शपथ मोडली मग," एवढंच म्हणाला. मग म्हणाला, चहा टाक, आलं घाल.

आता कुणासाठी लपवतोय? बाबा गेले, माझं लग्न होऊन नवराही गेला, निखिल चाळिशीला आला. मला शक येतोय की त्याला आता सांगताच येत नाही. किंवा बाबांना जे सांगितलं नाही ते पोराला सांगायचं, हे त्याला बाबांवर अन्याय वाटतो. किंवा मीच काहीतरी जुळवतेय. माझ्या शकांवर माझाच विश्वास राहिला नाही.

चहात आलं जास्त पडलं. त्याने सगळा प्यायला.

२ ऑक्टो., गुरु. दसरा.

मंदार सकाळच्या गाडीने आला. सोनं दिलं, पाया पडला, आणि जेवण होताच बॅगेतून फॉर्म काढला. तिथल्या डॉक्टरांचा, चार पानी. बापाच्या समोर बोलायला नको म्हणून मला व्हरांड्यात घेऊन गेला, पण खिडकी उघडी होती.

"आत्या, हा तूच भर. रोज तू बघतेस त्यांना. काय काय चुका केल्या, कधीपासून, सगळं तारखेने. तू लिहिशील ते डॉक्टर खरं धरणार."

पोराचे डोळे लाल झाले होते. रात्रभर झोपला नसावा. त्याला मी कसं सांगू की बाळा, तुझ्या बापाला काही झालेलं नाही, आणि कसं नको सांगू? सांगितलं तर दादाचा शब्द मी मोडला. नाही सांगितलं तर चार दिवसांत घराला भाडेकरू.

नाव लिहिलं. वय ६८. शिक्षण लिहिलं. "रुग्णाच्या वागण्यातील बदल" इथे पेन टेकवून बसले.

आतून दादा आला. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला. मंदार पाणी आणायला उठला तेवढ्यात म्हटलं, "दादा, काय लिहू? तू सांगशील तसं लिहिते. एकदा तरी सांग."

"तुला जे वाटेल ते लिही," म्हणाला. "मी तुझ्यावर कधी शक घेतलाय का, कुंदे?"

मंदार पाणी घेऊन आला. मी म्हटलं, हात दुखतोय, घरी नेऊन भरते. फॉर्म इथे टेबलावर आहे, ती रेघ अजून कोरी. मंदारने शनिवारची दोन तिकिटं काढलीत.