उष्टी बाटली

मनोरी, ३ नोव्हेंबर २०२५

चि. कल्पितास,
आशीर्वाद, राग असला तरी.

तुझा फोन मुद्दाम उचलत नाही, तोंडून भलतंसलतं जाईल. विनिता बोरिवलीच्या बाजारात मासळी घेऊन येतेय, तिच्या हाती हे देतोय.

तू ऑपरेशन थिएटरची टेक्निशियन, म्हणून आईचा मोतीबिंदू तुझ्याच हॉस्पिटलात काढला. आणि घरी काय दिलंस? सील फोडलेली, वापरलेली थेंबांची बाटली! कोणाच्या डोळ्याची उष्टी, देव जाणे. कचरा कमी करायचं तुझं खूळ मला ठाऊक आहे. पण काटकसर जन्मदात्या आईवर? बाटली खाडीत फेकली. मेडिकलमधून सीलबंद आणली, तीच घालतोय. डोळा जरा लाल आहे. तुझी कृपा.

लोभ कुठल्या तोंडाने मागू?
दिपेश


बोरिवली, ३ नोव्हेंबर

ती. दादास,
कल्पिताचा नमस्कार.

आईला आजच घेऊन ये. पुढचं फेरीबोटीत वाच.

वहिनी समोर उभी आहे. ती म्हणते, आईला दुखतंय आणि धूसर दिसतंय. तू 'जरा लाल' लिहितोस. तू आणलेल्या बाटलीचा फोटोही तिच्या मोबाइलवर पाहिला. ते कोरड्या डोळ्यांचं औषध आहे. आतली सूज उतरवणारं औषध तू खाडीत टाकलंस.

ती बाटली ऑपरेशनच्या वेळी आईसाठी मीच उघडली. तिच्यातला एकही थेंब दुसऱ्या कोणाच्या डोळ्यात गेला नाही. पूर्वी अशा जवळजवळ भरलेल्या बाटल्या आम्ही कचऱ्यात टाकायचो. आता पेशंटचं नाव चिकटवून त्यालाच घरी देतो. बाटलीवरच्या चिठ्ठीवर आईचं नाव, 'सखुबाई', लिहिलं होतं. तू वाचलं नाहीस. उष्टी असलीच, तर आईचीच.

जाळ्यात मासळीपेक्षा प्लॅस्टिक जास्त येतं म्हणून तू रोज शिव्या घालतोस. त्यात ही तुझी बाटली धर.

लोभाचं आईचा डोळा निवळल्यावर बघू.
कल्पिता


मनोरी, १२ नोव्हेंबर

चि. कल्पितास,
आशीर्वाद.

सूज उतरली, नजर वाचली. डॉक्टर मला काय काय बोलले ते तू शेजारी उभी राहून ऐकलंस, पुन्हा लिहीत नाही. चिठ्ठी वाचली नाही, कबूल.

पण तू? ऑपरेशनच्या दिवशी आईच्या हातात बाटली ठेवलीस, दिवसातून किती वेळा ते सांगितलंस आणि पुढच्या पेशंटला हाक मारलीस. बाटली उघडी का, ते एका शब्दाने बोलली नाहीस. आई मार्वेच्या जेट्टीपर्यंत विचारत होती, कल्पू रागावलीय का गं विनिता?

दुसरा डोळाही ती तुझ्याकडेच करणार म्हणते. माझं मन नाही, पण आणेन. तेव्हा तिच्याशी नीट बोल. सुके बोंबील तिनेच पाठवलेत.

माझ्यावर नसला तरी तिच्यावर लोभ ठेव.
दिपेश


बोरिवली, १३ नोव्हेंबर

ती. दादास,
नमस्कार.

बोलेन.

बोंबील मिळाले. प्लॅस्टिकची पिशवी धुऊन वहिनीबरोबर परत पाठवते आहे. खाडीत टाकू नकोस.

कल्पिता