जिभेखालची दहा मिनिटं

सोमवार, ३ मार्च

शिलाई मशीनची सुई बोटातून आरपार गेली आणि मला कळलंच नाही! शेजारच्या मशीनवरची किंचाळली, तेव्हा खाली पाहिलं. पांढऱ्या कॉलरवर रक्त. मी काय म्हणाले? "अरे देवा, कॉलर वाया गेली!" बोटाचं काहीच नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी टाका घातला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "दुखत कसं नाही? कुठली गोळी घेता?" खांदेदुखीची, म्हटलं. "दिवसाला किती?" दोन सांगायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं, नऊ.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

बुधवार, ५ मार्च

व्यसन म्हणे. मला! चहासुद्धा एकदाच घेते मी.

उद्यापासून त्या गोळ्या बंद. अंग पुरतं कळवळलं की उपचाराची गोळी सुरू. रोज सकाळी एक, जिभेखाली. दहा मिनिटं बोलायचं नाही, गिळायचं नाही. आणि या नव्या गोळ्या घरातल्या जबाबदार माणसाने कुलपात ठेवायच्या, समोर बसून द्यायच्या. नवरा बोटीवर, दोन महिने येत नाही. राहिल्या कोण? सासूबाई.

त्यांच्या गुडघेदुखीच्या डबीतूनच तर मी दोन वर्षं चोरत आले! म्हातारीच्या लक्षात येत नाही म्हणून निभावलं. आता त्यांच्याच हाती किल्ली. धरणी दुभंगेल तर बरं.

शुक्रवार, ७ मार्च

हाडं कुणीतरी पिळतंय. नाक गळतंय. पाय जागेवर राहत नाहीत. दुपारी दवाखान्यात पहिली गोळी. तोवर मी टिकते का बघायचं.

शनिवार, ८ मार्च

टिकले! काल गोळी विरघळली आणि तासाभरात अंग पुन्हा माझं झालं. तिथेच रडले.

आज घरी पहिला दिवस. सासूबाई खुर्चीत, मांडीवर घड्याळ. "हं, आ कर." मी चाळिशीची बाई! गोळी आत गेली आणि यांचं सुरू. "बारा वर्षांत मला एक वाक्य पुरं करू दिलं नाहीस. आता ऐक." उतू गेलेलं दूध, नणंदेच्या लग्नातलं माझं फुगलेलं तोंड, सगळं निघालं. उत्तरं तयार होती हो, पण जिभेखाली गोळी!

गुरुवार, १३ मार्च

आता भांडत नाहीत. लहानपणीच्या गोष्टी सांगतात. आज मला हसू आवरेना, लाळ गिळायची वेळ आली.

मग त्या भिंतीला धरून उठल्या, लंगडत गेल्या. माझं हसू गेलं. त्यांचं औषध मीच खाल्लं. रोज दोन त्यांच्यासाठी सोडायचे, एवढीच काय ती माणुसकी. उद्या गोळी विरघळली की सगळं कबूल करणार. घराबाहेर काढलं तरी चालेल.

शुक्रवार, १४ मार्च

कबूल करायची वेळच आली नाही. गोळी जिभेखाली ठेवली आणि त्याच म्हणाल्या, "डबी मीच भरत होते."



"पहिल्यांदा संपल्या ना, तेव्हा तू न्हाणीघरात थरथरत पडली होतीस. वाटलं, पोरगी हातची जातेय. मग कधी संपू दिल्या नाहीत. तीन-तीन दुकानं फिरायचे. मला काय ठाऊक, त्या गोळ्यांनीच होतंय म्हणून?"

आणि त्यांचे गुडघे? त्यांनी स्वतः एकही घेतली नाही. दोन वर्षं! मी सोडलेल्या दोनसुद्धा माझ्याच वाट्याला परत येत होत्या.

घड्याळात अजून सहा मिनिटं होती. गळ्यात पडायला हवं होतं. नाही पडले. इथे खरं लिहिते, राग आला. भयंकर राग! एकदा तरी हात धरायचा होता माझा.

शनिवार, १५ मार्च

गोळी जिभेखाली. दुसरंच मिनिट. सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "जुन्या गोळ्यांचं एक पाकीट आहे गं अजून घरात. टाकवलं नाही. पुन्हा तसं काही झालं तर असू दे म्हणून... कुठे आहे ते सांगून टाकते, म्हणजे—"

मी झेप घेऊन त्यांचं तोंड दाबलं. जागा ऐकायला माझे कान टवकारले होते, म्हणून. दहा मिनिटं पुरी होईपर्यंत हात काढला नाही.